शिकण्याची जागा आणि निर्णयाची जागा: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मागील लेखावर आपण एवढ्या तपशिलात प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आपला आभारी आहे. आपण निवृत्त शिक्षक आहात आणि दोन पंचवार्षिक ग्रामपंचायतीत सदस्य होतात, त्यामुळे आपला प्रत्येक आक्षेप अनुभवातून आलेला आहे आणि दोन ओळींत आटोपता येण्याजोगा नाही. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संसद, विधिमंडळ आणि ग्रामसभा यांचे कामकाज खेड्यातल्या माणसाला कळावे म्हणून संगणकावर उभारलेले आभासी सभागृह वापरावे, ज्यात माणूस स्वतः शिरतो, बोलतो, मत देतो, अशी सूचना मी केली होती. त्यावर आपण लिहिले की हा शहरी लोकांचा चाळा आहे; आपल्या आर्णी-दिग्रस पट्ट्यात रेंज नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही; खरी ग्रामसभा कोरमअभावी, म्हणजे ठरलेली किमान हजेरी नसल्याने, तहकूब होत असताना खोटी सभा भरवून काय साधणार; आणि शेवटी, लोक अशा खेळात रमले की मोर्च्याला येणार नाहीत, सरकारला तेच हवे आहे.

रेंजचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. लुआन्टी नावाची एक मुक्त संगणकप्रणाली आहे. २०२४ पर्यंत ती मायनटेस्ट या नावाने ओळखली जात होती. ठोकळ्यांवर ठोकळे रचून त्यात गाव, इमारत, सभागृह उभारता येते, ती फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. एका संगणकाला सर्व्हर, म्हणजे मुख्य संगणक, करून बाकीचे त्याच खोलीतल्या वायफायने जोडले की इंटरनेट लागतच नाही. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने तीत सभेचे नियम घालून दिले आहेत. वीज गेली की मात्र सभा बरखास्त होते, एवढे आपले म्हणणे खरे आहे.

आता चाळ्याबद्दल. जगात या नावाखाली पुष्कळ पैसा वाया गेला आहे आणि तो आपल्या बाजूचा पुरावा आहे, हे मी लपवणार नाही. २००७ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले सदस्य जॉर्ज मिलर यांनी सेकंड लाइफ या आभासी जगात कार्यक्रम घेतला, त्याच वर्षी स्वीडनने तिथे दूतावास उघडला, वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले आणि पुढे ती वर्दळ ओसरली. युरोपीय आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरात ३,८७,००० युरो खर्चून तरुणांसाठी आभासी मेजवानी ठेवली, तिला एका पत्रकाराने पाहिले तेव्हा जेमतेम अर्धा डझन माणसे हजर होती. सोल महानगराने जानेवारी २०२३ मध्ये अख्ख्या पालिकेचे आभासी रूप नागरिकांसाठी खुले केले आणि २०२४ मध्ये ते बंदही केले. या सगळ्या ठिकाणी माणसाला आत बोलावले होते, पण आत त्याच्यासाठी काम नव्हते. पालिकेचा दाखला तर साध्या संकेतस्थळावरूनही मिळतो, आणि पुढाऱ्याचे भाषण ऐकायला पडद्यावर आपल्या जागी वावरणारी स्वतःची बाहुली करून जाण्याची गरज नसते. एवढ्यावरून साधनच निरुपयोगी ठरवायचे असेल, तर गावोगावच्या कुलूपबंद वाचनालयांवरून पुस्तकेही निरुपयोगी ठरवावी लागतील.

याउलट जिथे करण्यासारखे काही होते तिथे लोक टिकले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या खेळाच्या आधारे अनेक देशांत सार्वजनिक जागांचे आराखडे रहिवाशांकडूनच करून घेतले. नेपाळमधले कीर्तिपूर आणि नैरोबीतली किबेरा ही वस्ती त्यांत आहेत. नकाशा वाचता न येणारी माणसे तिथे ठोकळे हलवून बाक कुठे, दिवा कुठे, हे दाखवत होती. डेन्मार्कच्या भूमापन खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश त्याच खेळात उभा करून शाळांना दिला, तेव्हा काही उपद्व्यापी मंडळींनी त्यातले काही भाग सुरुंगाने उडवून तिथे अमेरिकेचे झेंडे लावले. आमच्या संगणकावरच्या गावात पोरांनी पहिल्याच संध्याकाळी सभापतींची खुर्ची उचलून विहिरीत टाकली. सभापतीविना सभा सुरूच होत नाही हे त्यांना त्यानंतर कळले आणि खुर्ची वर काढायला तीच पोरे विहिरीत उतरली.

आपला मुख्य आक्षेप असा की चित्रातल्या सभागृहात फिरून लोकशाही कळत नाही. फिरून कळत नाही, हे मलाही मान्य आहे. दिल्लीत संसद ग्रंथालयाच्या इमारतीत २००६ पासून एक उत्तम संसदीय संग्रहालय आहे, ध्वनी, चित्रफीत आणि आभासी तंत्राने सजवलेले. पण तिथून बाहेर पडणारा माणूस भारावलेला असतो, तयार झालेला नसतो. माझा भर फिरण्यावर नाही, अडण्यावर आहे. सभागृहाचे नियम जिथे माणसाला अडवतात तिथेच ते कळतात, आणि पुस्तकातला नियम कोणालाही अडवत नाही.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. बचत गटातल्या एका ताई वेचणीवरून आल्यावर संध्याकाळी मुलीबरोबर शाळेत आल्या. मुलीने त्यांना लोकसभेच्या सदस्य करून प्रश्नोत्तराच्या तासाला बसवले. ताईंनी प्रश्न सांगितला, मुलीने तो टंकला: “नळ बसवले, पानी काई आलं नाई, अधिकारी नुसते फोटो काढून जाते, हे असंच चालू राहीन काय?” प्रश्न परत आला. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यात युक्तिवाद, उपरोध, विशेषणे किंवा आरोप चालत नाहीत आणि विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो. प्रणालीने नेमके तेवढेच दाखवले. ताई आधी रागावल्या. मग मायलेकींनी फोटोचा भाग काढला. पाणीपुरवठा हा राज्याचा विषय, मग दिल्लीला काय विचारणार, असा पेच पडला. २०१९ मध्ये सुरू झालेले जलजीवन मिशन ही केंद्राची योजना आहे, तिच्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले आहे, ही माहिती मुलीनेच शोधली. शेवटी गेलेला प्रश्न असा होता: योजनेत नळजोडणी पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या किती गावांत प्रत्यक्ष पाणीपुरवठा सुरू आहे, त्याची तपासणी कोण करते आणि यवतमाळ जिल्ह्यातील तपशील काय आहे. नोटिशीला किमान १५ दिवस लागतात आणि एका दिवशी तोंडी उत्तरासाठी फक्त २० प्रश्न निवडले जातात, हेही त्यांना तिथेच कळले. ताईंचा पहिला प्रश्न अधिक खरा होता, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडते, आणि तो कागदावर उतरवून आमदाराला, खासदाराला, पाणीपुरवठा विभागाला देता येतो.

विहिरीवर पोराला पोहायला शिकवताना आपण त्याच्या पाठीला डबा बांधतो. डबा म्हणजे पोहणे असे कोणी समजत नाही, आणि डबा बांधल्यामुळे पोरगा विहिरीला विसरतो असेही नाही.

कोरमविषयी आपण जे लिहिले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, त्यांना एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते, आणि तेवढी माणसे नसल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट राहत नाही. आपण लिहिले की गावातली जाणती मंडळी या तहकूब सभेचीच वाट पाहत असतात. अगदी बरोबर. पण ही खोच गावात किती जणांना ठाऊक आहे? आम्ही संगणकावरच्या गावात तीच परिस्थिती उभी केली. पहिल्या सभेला बहुतेकांनी आपली बाहुली शेतात, टपरीवर, बाजारात फिरवत ठेवली. सभा तहकूब झाली. दुसऱ्या सभेला तिघांनी मिळून वर्षाचा आराखडा मंजूर केला. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीपैकी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित. तिघांनी तो सगळा अबंधित भाग एकाच वस्तीच्या रस्त्यात घातला, आणि बाकीच्यांच्या घरासमोर पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा राहिला. मग जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता. “आम्हाले कोनी सांगतलंच नाई” हे वाक्य तिथेही आले, पण नोटीस फलकावर लागलेली होती आणि ती कोणीही वाचली नव्हती, हेही पडद्यावर सर्वांसमोर होते. खऱ्या गावात हे कळेपर्यंत वर्ष निघून जाते आणि पैसाही.

शिकण्याची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी असावी, हा विचार संगणकाबरोबर आलेला नाही. तो विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावाने फार आधी अमलात आणला. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यास गटात त्याच विषयावर मोकळी चर्चा होते, बाहेरची जाणकार माणसे येतात, कायदा वाचला जातो, आणि अभ्यास गट स्वतः काहीही ठरवत नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. आता आपण म्हणाल की मेंढा गावाला संगणक लागला नाही. नाही लागला, त्यांच्याकडे एकत्र बसण्याची रीत आणि तळमळीची माणसे होती. आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, जिथे अर्धे गाव मजुरीसाठी बाहेर आणि उरलेले गटातटांत विभागलेले, तिथे तसा अभ्यास गट नुसत्या आवाहनाने बसत नाही. पोरांच्या ओढीने आईबाप शाळेत येतात, एवढा साधा फायदा या साधनाचा आहे.

गटातटांवरून आठवले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा घटक मानण्यास नकार दिला, तो खेड्यातला संकुचितपणा आणि जातीयता पाहून. आजही ग्रामसभेत कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर आणि कोण मंडपाच्या खांबाला टेकून उभे, हे पाहिले की तो नकार समजतो. बाहुलीला वाडा नसतो, आडनाव नसते, असे या विषयातले उत्साही लोक सांगतात. मी एवढा उत्साही नाही. पाच-सहा संगणकांच्या खोलीत कोणत्या बाहुलीमागे कोण आहे हे सर्वांना माहीत असते. पण एक फरक मी पाहिला: तिथे बोलण्याची पाळी यंत्र देते, आवाज मोठा असलेला देत नाही, आणि पाळी आल्यावर आजवर न बोललेली बाई दोन वाक्ये का होईना बोलते. ती सवय महिला सभेत, आणि तिथून ग्रामसभेत कितपत उतरेल, हे पाहायला वेळ लागेल.

आता मोर्च्याचा मुद्दा, ज्यावर आपण सर्वांत कडक लिहिले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाशी वैदर्भीय माणसाचे नाते बहुतांशी पोलिसांच्या अडथळ्याच्या अलीकडचे राहिले आहे, आणि २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथे मोर्च्यात ११४ गोवारी बांधव चेंगरून मृत्युमुखी पडले, हे ज्याला ठाऊक आहे तो मोर्च्याची टिंगल करणार नाही, मोर्चा सोडून खेळत बसा असे तर मुळीच सांगणार नाही. मी विचारतो ते एवढेच की शिष्टमंडळाने निवेदन दिल्यानंतर त्याचे पुढे काय होते. कोणी सदस्य त्यावर मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देतो काय, तोंडी उत्तराचा तारांकित प्रश्न लावतो काय? मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. गावाचा विषय सभागृहापुढे नेण्यासाठी विनंती अर्ज समितीचा मार्ग आहे. मोर्च्यातून परतलेल्या किती जणांना या दोन समित्या ठाऊक असतात? पुढच्या वर्षी तीच मागणी घेऊन तोच मोर्चा निघतो, त्याला आपण चिकाटी म्हणतो, आणि आत बसलेल्यांना ती सोयीची असते. सरकारला सोयीचा नागरिक कोणता, याविषयी आपले आणि माझे मत इथे वेगळे आहे.

एका बाबतीत मात्र आपली शंका मी जशीच्या तशी मान्य करतो: अशा सभागृहाचे नियम कोण लिहितो, यावर सगळे अवलंबून आहे. ज्याने नियम घातले त्याने एखादी पळवाट गाळली, तर गाव ती पळवाट नसल्याचे समजूनच शिकेल. म्हणून मी हे काम कोणत्याही खात्याकडे किंवा कंपनीकडे देण्याच्या विरोधात आहे. नियमांची यादी मराठीत, कलमासह, शाळेच्या फलकावर लावली आहे आणि कोणीही त्यात चूक दाखवू शकतो. तहकूब सभेत नव्याने विषय घेण्याबाबत, सरपंच गैरहजर असताना अध्यक्ष निवडण्याबाबत आणि इतिवृत्त वाचून कायम करण्याबाबत प्रत्यक्षात काय काय होते, हे आपण सदस्य म्हणून पाहिलेले आहे. आपल्या काळातल्या सभांचे जे प्रसंग आठवत असतील ते, नावे वगळून, लिहून पाठवावेत. १ मेच्या ग्रामसभेची नोटीस निघण्यापूर्वी ते आम्हाला प्रणालीत घालता येतील. सभापतीची जागाही आपल्यासाठी मोकळी ठेवतो. पोरे नियम मोडतात तेव्हा त्यांना आवरायला आपल्यासारखा माणूस हवा आहे.

आपला नम्र.