पैसे भरल्याशिवाय नोकरी असते होय?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असलेल्या माझ्या मामेभावानं गेल्या महिन्यात एक पीडीएफ पाठवली. दुबईतल्या बांधकाम कंपनीचं ऑफर लेटर. लोगो पुसट, ईमेल जीमेलचा, मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत उरकलेली. पगार मात्र मला इथं अमिरातीत नऊ वर्षांनी मिळतो त्याच्या दीडपट! तळाशी बारीक अक्षरांत : व्हिसा आणि मेडिकलचे ८५ हजार दोन दिवसांत भरा. खातं कंपनीचं नाही, कुणा माणसाचं.

"भरू नकोस," एवढं बोललो तोवर मामांनी फोन ओढून घेतला. "पैसे भरल्याशिवाय नोकरी असते होय रे? तू तिकडं जाऊन बसलास, पोराला लावलास का कुठं?"

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. पहिला डोक्यातून जात नाही.

मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या आमिषानं म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणलं. तेव्हा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकच सूर : हाव नडली, शिकलेली पोरं फसतातच कशी? मला हे पटत नाही. आपल्याकडं मास्तरकीच्या जागेचा भाव चहाच्या गाड्यावर उघड बोलला जातो. चिकटायला किती लागले, हे लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. हे ऐकत वाढलेल्या पोराला ८५ हजार मागणारा ठग कसा वाटेल? त्याला तो काम करून देणारा माणूस वाटतो.

अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणंही बेकायदा. म्हणून इथं रामराज्य आहे असं नाही. सोनापूरच्या कामगार वस्तीत एका खोलीत सहा-आठ जण राहतात. त्यातले कितीतरी एजंटाचं कर्जच फेडत असतात, आणि ते पैसे घेतलेले असतात आपल्याकडच्याच कुणीतरी.

भारतातही एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर यादी आहे. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार, वर जीएसटी, आणि पावती. ऑफर पाठवणाऱ्या आमच्या या एजंटसाहेबांचं नाव यादीत नव्हतं. परवाना क्रमांक विचारला तर "ऑफिसला या". ऑफिस कुठं? "शाहूपुरीत, स्टँडजवळ, आल्यावर फोन करा."

मग कळलं, १० हजार टोकन आधीच गेलंय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा म्हटलं. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठलं तर काहीतरी हाती लागतं. मामा तयार नाहीत. भावकीत हसं होईल म्हणतात.

काल रात्री त्यांचा फोन आला. मला वाटलं, तक्रारीचं ठरलं.

"तू त्या एजंटाशी बोल की जरा. उरलेल्या पंचाहत्तरात काही कमी करतोय काय बघ."