दप्तरी दाखल

'दप्तरी दाखल' म्हणजे फाईल बंद, हे मला काल कळलं. तेही आठ दिवस खुशीत काढल्यावर.

भानगड एवढीशी. घरपट्टीच्या नोंदीत वडिलांचं 'दिनकर' हे नाव 'दीनकर' झालंय. फरक एका वेलांटीचा, पण दिनकर म्हणजे सूर्य आणि दीनकर म्हणजे समोरच्याला दीन करून सोडणारा. दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर आलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून, संदर्भाधीन अर्जातील तपशील अभिलेखाशी विसंगत आढळून आला आहे. सबब, प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' यातला 'दाखल' तेवढा मला कळला. मूल शाळेत दाखल होतं, पेशंट दवाखान्यात दाखल होतो; म्हणजे पुढे काहीतरी होतंच. बायकोला म्हटलं, काम झालं.

काल अर्धी रजा टाकून ऑफिसात गेलो. साहेब अर्थातच दौऱ्यावर. बाकावर शेजारी एक आजोबा होते, निवृत्त अव्वल कारकून. त्यांनी पत्र मागून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मैफिलीत दाद द्यावी तशी मान हलवली.

"वा! 'सबब' टाकलाय. हल्लीच्या पोरांना 'सबब' कुठे टाकायचा कळत नाही हो."

"पण याचा अर्थ काय?"

"फाईल बंद."

"मग 'बंद केली' असं लिहायचं ना!"

आजोबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "'बंद केली' म्हटलं की कोणी केली, हे विचारता येतं. 'करण्यात येत आहे' म्हटलं की कोणीच काही करत नाही. ते आपलं येतं. पाऊस येतो तसं."

मग त्यांची शिकवणीच सुरू झाली. 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' म्हणजे बला दुसऱ्याच्या टेबलावर. 'वस्तुस्थितिदर्शक अहवाल मागवावा' म्हणजे साहेबांना आज सही करायची नाही. नस्ती म्हणजे फाईल. (मला ती इतके दिवस 'नसती उठाठेव'मधलीच वाटायची. फारसं चुकलं नव्हतं म्हणा.)

कामाला उशीर होऊ नये म्हणून २००५चा कायदाही आहे, हेही त्यांनीच सांगितलं. नाव: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. एका दमात म्हणून दाखवलं. त्यानुसार फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये म्हणे. त्यातला एक दिवस कायद्याचं नाव लिहिण्यातच जात असावा.

खरं सांगायचं तर तिथे मला हसू येत नव्हतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मराठीत बऱ्यापैकी मार्क, आणि मराठीत आलेलं पत्र समजायला बाकावरचा दुभाष्या लागतो? १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, तो आपल्याला कारभार कळावा म्हणूनच ना? माझी अर्धी रजा कोणाच्या खात्यात 'दाखल' करायची?

"तुमचं काय काम?" मी विचारलं.

"पेन्शनचा फरक. अकरा महिने झाले." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून एक कागद काढला. "माझं 'विचाराधीन' आहे." चेहऱ्यावर केवढं समाधान! "विचाराधीन म्हणजे धुगधुगी आहे."

तेवढ्यात खिडकी उघडली. मी पत्र पुढे केलं आणि विसंगती कुठली ते विचारलं.

"अर्जात 'दिनकर' आहे. रेकॉर्डला 'दीनकर' आहे."

"अहो, तेच तर दुरुस्त करायचंय!"

"मग अर्ज रेकॉर्डच्या नावाने करा."

मी मागे वळून पाहिलं. आजोबांनी तोवर पिशवीतून कोरा कागद काढून मसुदा सुरूही केला होता. 'सबब' दोन ठिकाणी टाकला. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पूर्ण नाव घाला. दुसरी वेलांटी."

मनातल्या मनात बाबांची माफी मागितली आणि घातली.