हाय पीक ट्रेलच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही वेळ काढून सविस्तर आणि मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. लेस्टर, बर्मिंगहॅमकडची बरीच मराठी मंडळी सुट्टीत आमच्याकडे सायकली भाड्याने घ्यायला येतात, त्यांनाही हे वाचता येईल. तुमची तक्रार थोडक्यात अशी: पीक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधल्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातला गाड्यांशिवायचा ग्रॅव्हल रूट (खडीची वाट) म्हणून पैसे घेतले आणि जुन्या रेल्वेलाइनवरून फिरवलं. सुरुवातीलाच सायकली ढकलत चढ चढावा लागला. टायरमध्ये हवा कमी होती, पावसानंतर ब्रेक किंचाळायला लागले. आणि सगळ्यात जास्त राग आला तो टिसिंग्टन गावात. तिथून डव्हडेलला, म्हणजे जवळच्या नदीच्या दरीत, सायकलने जाऊ म्हणालात तर गाइडने साफ नकार दिला, "बाकीचे जातात, मग आम्हीच का नाही" याचं धड उत्तरही मिळालं नाही. म्हणून अर्धे पैसे परत हवेत.

डव्हडेलचं आधी सांगतो, कारण तिथे आमचा गाइड बरोबर होता आणि उद्याही तो हेच करेल.

इंग्लंडमध्ये शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा सगळ्यांना सारख्या खुल्या नसतात. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असेल तर त्या वाटेवर फक्त पायी जायचा हक्क. निळा बाण असेल तर तो ब्रायडलवे. तिथे घोडेस्वार जाऊ शकतात आणि 1968 च्या कंट्रीसाइड ॲक्टपासून आपण सायकलवालेही, पण चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची या अटीवर. डव्हडेलमधली नदीकाठची वाट पिवळ्या बाणाची आहे. तुम्ही लिहिलंय की स्कॉटलंडमध्ये कुणीच अडवलं नाही. अडवणार नाहीतच, कारण तिथे 2003 चा लँड रिफॉर्म ॲक्ट आहे आणि जबाबदारीने वागलं तर बहुतेक जमिनीवर सायकल नेता येते. इंग्लंडमध्येही 2000 साली कायदा झाला, डोंगरमाळावर मोकळं फिरायचा हक्क मिळाला, पण तो पायी फिरणाऱ्यांना. सायकल त्यात धरलेली नाही.

पिवळ्या बाणाच्या वाटेवर सायकल दिसली म्हणून लगेच पोलीस येत नाहीत, हे मान्य. सहसा तो जमीनमालक आणि सायकलवाला यांच्यातला दिवाणी मामला असतो. पण डव्हडेलमध्ये रविवारी काय चित्र असतं ते बघा. नदी ओलांडायच्या दगडांवर पलीकडे जायला माणसं थांबलेली असतात, काठ्या टेकत येणारे आजी-आजोबा, मोकळी सोडलेली कुत्री, आणि वाट काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांची. अशा ठिकाणी आमच्या दुकानाचं नाव लिहिलेल्या सायकली घेऊन सहा जणांनी घुसायचं? इथल्या शेतकऱ्यांशी आमचं रोजचं येणंजाणं आहे. ज्यांच्या कुरणातून ब्रायडलवे जातात तेच हे लोक. एकदा त्यांचा विश्वास उडाला की आमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याकडे ते वाकड्या नजरेने बघणार. टिसिंग्टनला सायकली कुलूप लावून ठेवा आणि डव्हडेल पायी बघून या, असं गाइडने सुचवलं होतं. ते तुम्हाला नको होतं. तुमचा दिवस, तुमची निवड.

आता रेल्वेलाइनबद्दल. "डोंगर सांगून रेल्वेचा रूळमार्ग दाखवला" हे वाक्य मला खरंच लागलं, कारण माझ्या मते ही लाइन हेच या भागाचं वैभव आहे. इथल्या गावांतले रस्ते तुम्ही येताना पाहिलेत. दोन्ही बाजूंना दगड नुसते रचून केलेल्या भिंती, बाजूला उतरायला हातभरही जागा नाही, आणि अशा बऱ्याच अरुंद रस्त्यांवरही कायद्याने ताशी 60 मैलांपर्यंत गाडी हाकता येते. चढावर हळू चाललेल्या सायकलमागे गाडी अडकली की दोघांच्याही जिवाला घोर. अशा मुलुखात एकही गाडी पाठीशी न येता मैलोन्‌मैल सायकल चालवता येते, ती रेल्वे बंद पडली आणि तिची जागा विकून न टाकता लोकांसाठी राखली म्हणून. हाय पीकची लाइन 1967 मध्ये बंद झाली, 1971 मध्ये तिला जोडलेल्या दुसऱ्या बंद लाइनवरचा टिसिंग्टन ट्रेल सुरू झाला, आपण ॲशबर्नला उतरलो तो. न्यूहेवनच्या छोट्या बोगद्यात आपण थांबलो होतो, आठवतंय? डोक्यावरून जातो तो ए 515, इथला वर्दळीचा रस्ता. वर ट्रक धडधडत होते आणि खाली तुमची मुलं बोगद्यात ओरडून आवाज घुमवत होती. गाड्यांशिवाय म्हणजे आमच्या लेखी हे. मधे काही ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो, तो उतरून, दोन्हीकडे बघून ओलांडायचा. बुकिंगच्या पानावर ते लिहिलेलं आहे.

ढकलायच्या चढाचं कारण तर फार सुंदर आहे. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे 1830-31 मध्ये सुरू झाली, दोन कालवे डोंगरावरून एकमेकांना जोडायला. जोसायस जेसप या इंजिनिअरने ती कालव्यासारखीच आखली. लांबच लांब सपाट पट्टे, आणि कालव्यात जिथे लॉक (बोट पाण्यासकट वर-खाली करायचे दरवाजे) असतं तिथे इथे एकदम उभा चढ. स्टेशनांनाही सुरुवातीला बोटींच्या धक्क्यासारखं 'व्हार्फ'च म्हणायचे. क्रॉमफर्डला 277 फुटांवर निघालेली ही लाइन पार 1,266 फुटांवर जायची. उभ्या चढांवर वरच्या इंजिनघरातलं वाफेचं इंजिन दोराने वॅगन ओढायचं. मिडलटनचा चढ साडेआठला एक आहे, म्हणजे साडेआठ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे माथ्यावरचं उंच धुराड्याचं इंजिनघर तुम्ही फोटोत घेतलंय, त्यातलं 1829 चं इंजिन आजही जागेवर आहे. खाली शीप पाश्चरच्या उतारावर 1888 मध्ये वॅगन सुटून थेट कालव्यापलीकडे उडाल्या, तेव्हापासून सुटलेल्या वॅगन अडवायला तिथे खड्डा केला. आपल्या बोरघाटात गाडीचे ब्रेक गेले तर अडवायला कॅच सायडिंग असतं ना, त्याच जातीची ही व्यवस्था. जिथे इंजिनाला दोराशिवाय जमलं नाही तिथे माणसाने सायकल ढकलली तर त्यात कमीपणा नाही. एकदा मिडलटन चढलं की पुढे हॉप्टनचा एक टप्पा सोडला तर पार 'पार्सली हे' या ठिकाणापर्यंत पाय न दुखता जाता येतं, आणि तिथून ॲशबर्नपर्यंतचे तेरा मैल बहुतांश उतार. तुमच्या सासूबाईंनी ई-बाइक न घेता तो पल्ला पूर्ण केला, तो रेल्वेच्या याच सौम्य उतारामुळे.

हवेचं सांगतो. तुमच्या टायरची रुंदी 40 मिलिमीटर होती. ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) च्या आसपासच ठेवायचे असतात. अंगठ्याने दाबलं की थोडं दबलं पाहिजे. रस्त्यावरच्या सायकलसारखे टणक फुगवले तर चुनखडीच्या खडीवर चाक उड्या मारतं, वळणावर घसरतं आणि दिवसअखेर मनगटं भरून येतात. गाइडने निघताना हवा काढली ती तुमच्या हातांसाठी.

ब्रेकचा आवाजही त्याच चुनखडीचा. कोरड्यात ती पांढरी धूळ असते, पाऊस पडला की पिठासारखी कालवली जाते आणि डिस्कवर, पॅडवर, चेनवर लेप बसतो. ब्रेक लागत होते, फक्त ओरडत होते. सायकली परत आल्यावर आम्ही त्याच संध्याकाळी पाण्याने धुतल्या, पॅड तपासले. ते व्यवस्थित होते. धुण्याचे वेगळे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही, तुमच्याकडूनही घेतलेले नाहीत.

अर्धे पैसे परत देणार नाही. ठरलेला रूट पूर्ण झाला, गाडी ॲशबर्नला वेळेवर न्यायला आली, सगळे सुखरूप पोचले.

पण तुम्हाला अधिक खडबडीत, अधिक रानातलं काही हवं होतं, हे रिव्ह्यूमधून नीट कळलं. त्यासाठी माझ्या मनात डरवेंट आणि हाउडन या धरणांची फेरी आहे. पूर्वेच्या काठाने ब्रायडलवे आहे. पाण्याच्या टोकाला स्लिपरी स्टोन्सपाशी एक जुना दगडी पूल लागतो. लेडीबोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या डरवेंट गावातून तो दगड-दगड सुटा करून आणला आणि इथे पुन्हा उभा केला. त्या बाजूला मोठे दगड आहेत, पाऊस झाला असेल तर ओहोळही, तेव्हा हँडल घट्ट धरून चालवावं लागेल. सासूबाईंना मात्र त्या दिवशी ई-बाइक घ्यायला सांगा. पश्चिमेचा रस्ता फेअरहोम्सच्या वाहनतळापुढे शनिवार-रविवारी गाड्यांना बंद असतो, म्हणून वीकेंडलाच या. तुमच्या सगळ्यांच्या उंचीप्रमाणे लावलेल्या सीटची मापं आमच्या वहीत आहेत. निरोप दिलात की सायकली तयार ठेवतो.