‘जुनं डायव्हर घड्याळ घरच्या घरी नवं करा’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावानं तो मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "दादा, बाबांचं सिको असंच करू का?" मामा जहाजावर नोकरीला होते. सिंगापूरहून आणलेलं सिको ६३०९, म्हणजे पाण्याखाली घालायचं डायव्हर घड्याळ, त्यांनी निवृत्तीपर्यंत हातातून काढलं नाही. मी लगेच फोन केला आणि त्याला हातातला स्क्रू ड्रायव्हर आधी खाली ठेवायला लावला. जुनी घड्याळं उघडून दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो, म्हणून हा मेसेज आता वेगवेगळ्या लोकांकडून माझ्याकडेच येऊ लागलाय. एकदाच सविस्तर उत्तर लिहून टाकतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: डायव्हर घड्याळावर १५० किंवा २०० मीटर लिहिलंय म्हणजे ते आजही पाण्यात चालतं, नळाखाली धरून धुवा. चमकणं बंद झालेला डायलवरचा लेप ब्लेडनं खरवडून नवा भरा. काचेला टूथपेस्ट घासा. चावी देऊन चालत नसेल तर मशीन मेलंय, शिलाई मशीनचं तेल सोडून बघा. शेवटी घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, बफ करा (चाकावर घासून चमकवा), डायल नवी छापून घ्या, किंमत दुप्पट होईल.

लेपाचं आधी घेतो. बाकीच्या सल्ल्यांनी घड्याळ जाईल, या सल्ल्यानं माणूस आजारी पडेल.

मेसेज सांगतो की रात्री चमकत नाही म्हणजे आतल्या किरणांची ताकद संपली. हे साफ खोटं आहे. जुन्या डायलच्या लेपात रेडियम हा किरणोत्सर्गी धातू असतो, पण दिसणारा उजेड त्याचा स्वतःचा नसतो. रेडियममध्ये झिंक सल्फाइडची पूड कालवलेली असते, रेडियममधून सुटणारे अल्फा कण तिच्यावर आदळतात आणि ती उजळते. तो मारा खाऊन खाऊन काही वर्षांत पूड निकामी होते. उजेड जातो, रेडियम जागच्या जागी राहतं. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. १९५३ सालच्या डायलवरचं रेडियम आजपर्यंत जेमतेम ३ टक्के कमी झालंय. इटालियन नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली पॅनेराईची घड्याळं घ्या किंवा पन्नाशीच्या दशकातल्या रोलेक्स सबमरीनर घ्या, त्या काळी हाच लेप वापरात होता.

आता ब्लेड लावल्यावर काय होतं ते बघा. इतका जुना लेप खडूसारखा ठिसूळ झालेला असतो. टोक टेकवताच पिवळट-तपकिरी कणी सुटते, काट्यांवर बसते, नखांत जाते. काचेच्या आड असेपर्यंत अल्फा कण बाहेर येऊ शकत नाहीत. पण तीच धूळ श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात गेली की शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या. त्यांच्यातल्या पाच जणींनी लढलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीनं मिटला. हे सगळं माहीत असून शंभर वर्षांनी आपण घरातल्या टेबलावर तीच धूळ उडवायची?

शिवाय रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी रेडियम डायलच्या ३० जुन्या लष्करी घड्याळांचा संग्रह तपासला. रेडॉनची पातळी तिथल्या शिफारस केलेल्या सुरक्षित पातळीच्या १३४ पट भरली. एका घड्याळानं घाबरून जायचं कारण नाही, पण डझनभर घड्याळं झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवणाऱ्यांनी ती तिथून हलवावीत.

साठच्या दशकात बऱ्याच स्विस कंपन्या रेडियम सोडून ट्रिशियम या सौम्य किरणोत्सर्गी पदार्थाकडे वळल्या. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘टी स्विस टी’ दिसलं तर ते ट्रिशियम. ते सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे धोका पुष्कळ कमी. मामांच्या सिकोत रेडियमचा प्रश्नच नाही. पण मेसेज हा फरकच करत नाही, सगळ्यांना सरसकट ब्लेड लावायला सांगतो, आणि माझा राग त्यावर आहे.

पाण्याचं म्हणाल तर डायलवरचा आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा. पाणी अडवतात त्या रबरी रिंगा, आणि रबर चाळीस वर्षं टिकत नाही. मागचं झाकण उघडल्यावर कितीदा तरी ती रिंग डांबरासारखी चिकट होऊन खाचेत बसलेली मिळते, नाहीतर चिमट्यानं धरताच तिचे तुकडे पडतात. रिंगा बदलल्यावरही चाचणी लागतेच. बंद भांड्यात घड्याळ पाण्याच्या वर टांगायचं, हवेचा दाब भरायचा, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडायचा. कुठूनही बुडबुड्यांची माळ सुटली की घड्याळ तत्काळ वर घ्यायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. ही चाचणी होईपर्यंत जुनं डायव्हर पावसातसुद्धा घालू नका.

टूथपेस्टचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. काच ॲक्रिलिकची असेल तर वरवरचे चरे खरंच जातात. पण ६३०९ ची काच हार्डलेक्स, म्हणजे कडक केलेली मिनरल काच. तिच्यावर तासभर घासलं तरी चरा हलत नाही, पेस्ट मात्र बेझलखाली, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याखाली, जाऊन सुकते.

‘चावी देऊन चालत नाही म्हणजे मशीन मेलं’ हे लिहिणाऱ्यानं ६३०९ कधी हातात घेतलेलं नाही. त्या मशीनला चावी देता येतच नाही. घड्याळ हातात हलवलं की आतल्या फिरत्या वजनानं, म्हणजे रोटरनं, स्प्रिंग भरते, बस. शिलाई मशीनचं तेल पसरतं, जुन्या सुकलेल्या तेलात मिसळून चिखल होतो आणि हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची लय राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. आधी मशीन सुटं करून धुवायचं असतं, मग ठरलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढं तेल.

राहिलं बफिंग आणि नवी डायल. ६३०९ च्या केसचा वरचा भाग बारीक रेघांचा आणि बाजू चकचकीत असते. बफच्या चाकावर धरली की मधली कड गोल होते आणि ती पुन्हा आणता येत नाही. नव्यानं छापलेल्या भडक डायलच्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून बाजूला टाकतात. आपल्या शहराचं नाव या कामासाठी घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच शहरात जुनं मशीन जीव लावून चालू करणारे कारागीर मी पाहिलेत. आणि किंमत दुप्पट होत नाही, पडते. डाग पडलेली मूळ डायल तशीच राहू द्या. काही बदलणं भागच असेल तर काढलेले काटे, डायल, बेझलची पट्टी दुरुस्तीवाल्याकडून मागून घ्या आणि घड्याळाबरोबर पाकिटात ठेवा.