रक्तगट वेगळा आला, म्हणून धोका टळला?

लग्नसराई जवळ आली की आमच्या नांदेड-लातूरकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरू लागतो: 'मामाची पोरगी केली तर लेकराला काही होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रक्तगट वेगळे असले म्हणजे झालं. तरी दोष निघालाच, तर तो बाईच्या खाण्यापिण्याचा.'

आधी शेवटचंच घेते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या भावकीत आजीनं दोन वर्षांच्या नातवामागं उभं राहून पितळी परात बडवली. लेकरानं मान वळवली नाही, मातीत रेघा ओढत राहिलं. कुणीतरी विचारलं, "पोटुशी असताना पपई खाल्ली होतीस का गं?" सून गप्प. पुढं तपासणीत कळलं, बहिरेपण जनुकातून आलंय. जनुकाची एक सदोष प्रत आईकडून, एक बापाकडून. नवरा-बायको सख्खी आते-मामेभावंडं. दोघांकडं दुसरी प्रत चांगली, म्हणून दोघांना नीट ऐकू येतं. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक धोका असतो. पहिलं धडधाकट झालं म्हणून पुढच्याचा कमी होत नाही. बापाचा वाटा आईइतकाच, आणि बोलणी तिनं एकटीनं खायची, हे मला सहन होत नाही.

रक्तगटाचं म्हणाल, तर एबीओ गटाचं जनुक ९व्या गुणसूत्रावर, बीटा थॅलेसेमिया या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं ११व्यावर. एकावरून दुसऱ्याचं काहीच कळत नाही. थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे एक सदोष प्रत असूनही स्वतः धडधाकट असलेला माणूस, ओळखायला एचबीए२ ही रक्ताची निराळी तपासणी लागते.

'पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी पाळण्यातच गेलेली, 'मुकं' म्हणून घरात कोपऱ्यात वाढलेली लेकरं मोजली होती का? लंडनच्या डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलंय की अल्काप्टोन्युरिया या विरळ आजाराच्या रुग्णांचे आईबाप बरेचदा एकमेकांची चुलत, आते किंवा मामेभावंडं लागतात. आजा-आजी एकच, म्हणून आते-मामेभावंडांत जनुकांचा साधारण आठवा हिस्सा सारखा असतो.

तरी घाबरवायचं नाही. जन्मदोषाचा धोका कुठल्याही जोडप्याला २ ते ३ टक्के असतो. सख्ख्या आते-मामेभावंडांत त्यात जवळपास तेवढीच भर पडते. म्हणजे बहुतेकांची लेकरं चांगलीच निपजतात. डाऊन सिंड्रोमचा तर नात्यातल्या लग्नाशी संबंधच नाही. पण घरात आधी असं लेकरू झालं असेल, तर सोयरीक पक्की करण्याआधी, निदान पहिल्या बाळाआधी, जनुकीय सल्ला घ्या. आणि तिथं नवऱ्यानंही जायचं. रक्त त्याचंही तपासावं लागतं.