दळण बसेल का?

घरात सायकल एकच येईल, हा ठराव आमच्या स्वयंपाकघरात एकमताने मंजूर झाला. मी तेव्हा आंघोळीला गेलो होतो.

कारण तसं खरं होतं. आमची बाल्कनी साडेचार फुटांची. तिच्यात वॉशिंग मशीन, तुळस, लेकाचं जुनं टेबल आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेला कूलर. उरलेल्या जागेत एक सायकल मावते, तीही हँडल वाकडं करून. सायकलवाल्यांच्या जमातीत एक नियम सांगतात. माणसाकडे सायकली किती असाव्यात, तर आत्ता आहेत त्यापेक्षा एक जास्त. मी तो बायकोला ऐकवला. ती गणिताची शिक्षिका. “आत्ता आहेत शून्य,” ती म्हणाली. “त्यापेक्षा एक जास्त म्हणजे एक. मग भांडतोयस कशाला?”

तर या एकुलत्या एका सायकलीवर मला तीन गोष्टी करायच्या होत्या. रोज कोथरूडहून बाणेरला ऑफिसात जायचं, चांदणी चौकाचा चढ चढून, जेमतेम दहा किलोमीटर. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर दगडगोट्यांतून हिंडायचं. आणि दिवाळीनंतर सामान लादून ताम्हिणी घाट उतरायचा, मग समुद्र उजव्या हाताला ठेवून गोव्यापर्यंत. वाटेत बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या फेरीबोटीतून सायकलीसकट ओलांडायच्या. यातली तिसरी गोष्ट मी गेली अकरा वर्षं ‘दिवाळीनंतर’ करणार आहे.

“आणि दळण,” बायको म्हणाली. “चौथं काम. दळणासाठी स्कूटर काढायचा तुला कंटाळा येतो ना? मग सायकल आली की दळण तुझ्याकडे.”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, “कॅरिअर आहे का पण?”

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत सायकलवरून जाऊन काढली. काळी, बावीस इंची फ्रेमची, डायनामोची, महापालिकेचा बिल्ला लावलेली. त्याच सायकलवरून ते ऐन तारुण्यात जेजुरीला गेले होते, दिवे घाट ढकलत. त्याच सायकलवरून गावच्या शिवारातून जायचे, जिथे रस्ताच नव्हता. म्हणजे टूरिंग झालं, ऑफिस झालं, ऑफ-रोडही झालं. पण यांना वेगवेगळी नावं असतात हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी सल्ल्यासाठी मित्रांकडे गेलो, ही पहिली चूक. एक मित्र बीआरएमवाला. म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, वाटेत बाहेरची मदत न घेता, स्वखुशीने. त्याचं म्हणणं रोड बाईक घे, २८ मिलिमीटरचा टायर, पाण्यासारखी पळते. दुसरा टेकडीवाला. त्याच्या गुडघ्यांवर कायम खपल्या असतात. तो म्हणाला, सव्वादोन इंची टायर आणि पुढे सस्पेन्शन नसेल तर टेकडीकडे फिरकू नकोस. तिसरा लेह-मनाली करून आलेला. त्याने सायकलबद्दल अवाक्षर काढलं नाही, दोन तास पोटाबद्दलच बोलला. खरं तर तिघांतला सगळ्यात कामाचा सल्ला तोच होता.

मग मी एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या ओळींत चार कामं, आडव्या ओळींत बावीस सायकली. तीन रात्री जागून माझ्या लक्षात आलं की चाकांचे आकडे हा फसवणुकीचा प्रकार आहे. एमटीबीवाले, म्हणजे डोंगरी सायकलवाले, चाकाला २९ इंची म्हणतात. हायब्रिडवाले ७०० सी म्हणतात. दोन्हींची रिम एकच, ६२२ मिलिमीटर. नुसता टायर जाड झाला की नाव बदलतं, एकच माणूस घरी बंड्या आणि ऑफिसात साहेब असतो तसं. पण खरी मजा पुढे आहे. बाबांच्या काळ्या सायकलीचं चाक २८ इंची म्हणायचे. त्याची रिम भरते ६३५ मिलिमीटर. म्हणजे अठ्ठावीसची रिम एकोणतीसच्या रिमपेक्षा मोठी! हे मी रात्री पावणेबाराला बायकोला उठवून सांगितलं. त्यावर ती जे म्हणाली ते तक्त्यात भरण्याजोगं नव्हतं.

त्या शनिवारी बाबांना घेऊन दुकानात गेलो. दुकान कसलं, दवाखानाच. एसी, पांढरी फरशी, भिंतीवर टांगलेल्या सायकली आणि हळू आवाजात बोलणारा मुलगा. त्याने पहिली काढली ती सस्पेन्शनवाली. मी बाहेर चढावर चालवून पाहिली. उभं राहून पेडल मारलं की पुढचा भाग उठाबशा काढतो. पायातला जोर चाकापर्यंत पोचण्याआधी स्प्रिंग आपलं कमिशन कापून घेते.

“सर, लॉकआऊट आहे ना. चढावर हे बटण फिरवायचं, सस्पेन्शन बंद.”

“म्हणजे पैसे देऊन घ्यायचं आणि मग बंद करायचं,” बाबा म्हणाले. मुलगा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुढच्या टायरला अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “हवा कमी आहे.”

दुसरी, वाकड्या हँडलची. बाबांच्या भाषेत रेसर. तिच्यावर वाकलो तेव्हा माझा गुडघा आणि माझं पोट यांची प्रथमच भेट झाली. शिवाय गिअर. कोकणात प्रत्येक खाडीला रस्ता पाण्यापर्यंत उतरतो, आणि होडीतून पलीकडे गेलात की समोर भिंतीसारखा चढ उभा. सामान लादलेलं असताना तिथे पुढे पेडलपाशी २६ दातांची चकती आणि मागच्या चाकाला ३४ दातांची असा गिअर लागतो. पेडलची एक फेरी झाली की मागचं चाक जेमतेम पाऊण फेरी फिरतं. त्या वेगात डोक्यावर हारा घेतलेली बाई आपल्याला ओलांडून पुढे जाते, पण निदान पाय जमिनीला टेकत नाही. रेसरचा सगळ्यात हलका गिअर होता पुढे ३४, मागे २८. एका फेरीला जवळजवळ सव्वा फेरी. माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना तो नक्की आवडला असता.

तिसरी ग्रॅव्हल बाईक. हिच्यापुढे मी हरलो. राखाडी रंग, ४० मिलिमीटरचे टायर, दिसायला सभ्य पण वेळ पडली तर चिखलात उतरेल अशी. किंमत ऐकून मी बाबांकडे बघायचं टाळलं.

“सर, हिच्यात पेडल येत नाहीत.”

“म्हणजे?”

“पेडल आपल्या आवडीचं वेगळं घ्यायचं. वरच्या रेंजमध्ये तसंच असतं.”

बाबांनी खुर्ची ओढून घेतली. “स्टँड?” “नाही काका.” “घंटी?” “अॅक्सेसरीत येईल.” “मडगार्ड? कॅरिअर?” मुलगा गप्प. “साखळी तरी देताय ना?” आमच्या लहानपणी सायकल जितकी महाग तितकं तिच्यावर जास्त लटकलेलं असायचं, दिव्यापासून चेनकव्हरपर्यंत. आता उलटं आहे. जितके पैसे जास्त, तितकं कमी मिळतं. आणखी लाखभर घातले तर बहुधा नुसती पावती देत असतील.

पण त्या दिवशी मला एक साक्षात्कार झाला, तो जमिनीवर आडवा पडलेलो असताना. मला सायकल नको होती. मला भोकं हवी होती. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला आटे पाडलेली दोन-दोन छोटी भोकं असतात, आत पाच मिलिमीटरचा स्क्रू जातो. ती असली की कॅरिअर बसतं, मडगार्ड बसतं, गोवा बसतं. नसली की सायकल कितीही देखणी असो, आयुष्यभर पाठीवर सॅक आणि सॅकखाली घाम. मी मोबाइलची बॅटरी लावून एकेका सायकलीखाली सरपटत होतो. “सर, काय शोधताय?” “भोकं.” दुकानात एक कुटुंब लहान मुलीसाठी सायकल बघत होतं, ते थोडं लांब सरकलं.

शेवटी कोपऱ्यातली एक सापडली. सरळ हँडल, सस्पेन्शनशिवायचा पुढचा फोर्क, ४० मिलिमीटरचे टायर, पुढे तीन चकत्या, डिस्क ब्रेक, आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येईल. मुख्य म्हणजे मागे चार भोकं. आणि पेडल सायकलीलाच लावलेली! रंग मात्र असा, की बायको म्हणाली, “हा रंग कुणीच घेतला नाही म्हणून उरली असेल.” खरं होतं. त्यावर सूट मिळाली होती.

ऑफिसचा पहिला दिवस. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. “गाडी नंबर?”

“सायकल आहे.”

“ते दिसतंय साहेब. नंबर सांगा. रकाना मोकळा ठेवला तर मला बोलतात.”

मी सायकल उलटी करून पेडलखालचा फ्रेम नंबर वाचून दाखवला. अकरा आकडी. रकाना तीन बोटांचा. तेव्हापासून मी त्या रजिस्टरमध्ये रोज शेजारच्या सहीच्या रकान्यात शिरतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “आमच्या सायकलीला बिल्ला होता.”

टेकडीवर ती चालते. म्हणजे मी चालतो, ती बरोबर येते. मोठ्या दगडांवरून उतरताना सस्पेन्शनचं काम कोपरं, मान आणि दाढा मिळून करतात. खाणीपाशी एक आजोबा रोज भेटतात. “ढकलायचीच होती तर वर कशाला आणली?” त्यांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात टायरमधली हवा मी तक्ता बघून ४० पीएसआयवर आणली, तेव्हा निम्म्या वाटेवर बसून जाता आलं. आजोबांनी मान हलवली. शाबासकीची असावी.

गोवा दिवाळीनंतर.

काल मात्र चौथं काम निघालं. बायकोने डबा भरून दिला, गव्हाचा, दहा किलो. कॅरिअर अॅल्युमिनियमचं, टूरिंगच्या बॅगा अडकवण्यासाठी केलेलं, वरून अरुंद. डबा त्यावर बसला तो मंत्र्याच्या गाडीवर बसलेल्या कार्यकर्त्यासारखा, केव्हाही पडेल. माझ्याकडच्या इम्पोर्टेड लवचीक पट्ट्या दोन्ही बाजूंनी निसटल्या. तेव्हा बाबा आतून काहीतरी घेऊन आले. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी, खडूसारखी पांढरी पडलेली. ती त्यांनी डब्यावरून दोनदा गुंडाळली, खालून ओढली आणि एक गाठ मारली. डबा हलेना.

चक्कीवर गेलो, आलो. गल्लीत चार स्पीडब्रेकर. तिसऱ्यावर झाकण किंचित उचकटलं आणि माझ्या पाठीमागे पिठाचा एक ढग सुटला. डिस्कवर पीठ गेलं आणि ब्रेक मांजरासारखा ओरडायला लागला. सोसायटीच्या गेटमधून मी आत शिरलो तेव्हा येणार आहे हे आधीच सगळ्यांना कळलं होतं.

बाबा जिन्यापाशी उभे होते. “किती आणलंस?”

“दहा किलो.”

“आपल्या सायकलीवर पंधरा बसायचं,” ते म्हणाले. “वर पुढे दांड्यावर तू.”

मग वाकले आणि मागच्या टायरला अंगठा दाबून पाहिला.

“हवा कमी आहे.”