ट्रक, कार आणि कॉमर्सचा पोरगा

काल माझ्या अख्ख्या वर्गाला न्यूटनविरुद्ध फितवण्याचं काम एका कॉमर्सच्या मुलाने पाच-सात मिनिटांत उरकलं आणि वर जाताना "मस्त शिकवता मॅडम" असं सर्टिफिकेटही देऊन गेला. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

सध्या मी वर्गात लेक्चर कमी आणि प्रश्न जास्त असा प्रकार चालवलाय. आयडिया माझी नाही, हार्वर्डच्या एरिक माझूर यांची, 1991 पासूनची. प्रश्न टाकायचा, पोरांनी अ-ब-क-डची कार्डं वर करायची, साधारण 30 ते 70 टक्के बरोबर आले की शेजाऱ्याला पटवायला लावायचं आणि परत मत घ्यायचं. प्रश्न नेहमीचाच होता. ट्रक आणि छोटी कार समोरासमोर आदळले, कोण कोणावर जास्त फोर्स लावतं? उत्तर: दोघं सारखाच, हाच न्यूटनचा तिसरा नियम. कारचं वस्तुमान कमी म्हणून तिचा वेग झटक्यात बदलतो आणि चेंदामेंदा तिचा होतो, एवढंच. पहिल्या मतदानात निम्मा वर्ग बरोबर होता. म्हटलं वा, आता चर्चा करा.

आता थिअरी अशी की बरोबर उत्तरवाल्याकडे कारण असतं म्हणून शेवटी तोच जिंकतो. थिअरीत आवाजाबद्दल काही लिहिलेलं नाही. मागच्या बाकावरून एक खणखणीत आवाज यायला लागला, "अरे भावा, ट्रकवाला खाली उतरून शिव्या देतोय आणि कारवाला स्ट्रेचरवर आहे, आता तूच सांग फोर्स कोणाला जास्त लागला?" आजूबाजूची चार पोरं वळली. मग पुढची रांग वळली. एक बिचारी मुलगी तिसरा नियम, तिसरा नियम असं काहीतरी म्हणत होती तर तिला म्हणाला, "नियम कागदावर गं, रस्त्यावर ट्रक!" यावर टाळ्या पडल्या, त्याही वाजवणाऱ्यांत माझी फर्स्ट बेंचवाली मंडळी होती, ज्यांच्या वह्यांत तिसरा नियम दोन रंगांच्या पेनाने लिहिलेला आहे.

दुसरं मतदान झालं. बरोबर कार्डं शोधावी लागली.

मी मागे गेले. म्हटलं, तुला आधी पाहिलं नाही कधी. "नाही मॅडम, मी कॉमर्सचा. ह्याच्याबरोबर बसलोय, आमचं लेक्चर कॅन्सल झालं." मग फिजिक्स? "शाळेतच सुटलं मॅडम." सुटलं म्हणाला, जसं काही व्यसन होतं. "मग एवढ्या खात्रीने कसा बोलत होतास?" तर अगदी निरागसपणे, "तुम्हीच म्हणालात ना, शेजाऱ्याला पटवा. मी पटवलं." यावर काय बोलणार? सूचना पाळणारा वर्गातला तो एकमेव मुलगा होता आणि तो वर्गातला नव्हता!

मग मी फळ्याकडे जाऊन बल, वस्तुमान, त्वरण सगळं परत मांडलं, पोरांनी माना डोलावल्या, आणि हा मागून म्हणाला, "हां, मग बरोबरे, मॅडम म्हणतायत तर सारखाच असणार." म्हणजे पटलं नाहीच, फक्त मॅडमचा आवाज त्याच्याहून मोठा ठरला. आणि मग ते मस्त शिकवता वगैरे. त्याला म्हणे सगळं समजलं.

तसं हे समजल्यासारखं वाटणं फार डेंजर प्रकरण आहे. हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवर 2019 मध्ये एक अभ्यास आला होता. पोरांना स्वतः डोकं लावून सोडवायला लावलं तेव्हा टेस्टमध्ये मार्क जास्त पडले, पण त्यांना विचारलं तर म्हणाली आम्ही कमी शिकलो. गुळगुळीत लेक्चर ऐकताना अडत काही नाही, त्यामुळे आलं असं वाटतं. त्याआधी 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून पाहिले होते, तर नुसती लेक्चरं ऐकणाऱ्यांची नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली. हे मी डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये सांगितलं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ते ठीक आहे, पण तुमच्या वर्गाचा आवाज माझ्या वर्गात येतो." यांच्या वर्गातून कधीच आवाज येत नाही हे खरं आहे, झोपेत कोण बोलतं!

आणि फीडबॅक. मध्यंतरीचा फीडबॅक आला त्यात "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात" हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा आलंय की पोरांनी तिथेही शेजाऱ्याला पटवलं असणार. याची सरासरी निघते, ती माझ्या फाइलला लागते, त्यावर प्रमोशनच्या वेळी कोणीतरी भुवया उंचावतं. रात्री बसून एकेक प्रश्न तयार करायचा, चुकीचे पर्याय असे लिहायचे की ते खरे वाटले पाहिजेत (बरोबर पर्यायापेक्षा याला दुप्पट वेळ लागतो), आणि सरासरी खाली. जुन्या पिवळ्या नोट्स वाचून दाखवल्या असत्या तर वर गेली असती, याची मला गॅरंटी आहे.

त्या फॉर्मवर शिक्षक वेळेवर येतात का, आवाज स्पष्ट आहे का, फळा नीट वापरतात का, सगळं विचारलंय. तुम्ही वर्गात यायच्या आधी दिलेली दोन पानं वाचली होती का, असा प्रश्न टाका म्हणून मी अर्ज दिला. उत्तर आलं की फॉर्म हा शिक्षकांच्या मूल्यमापनासाठी आहे, विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असे प्रश्न त्यात घेता येत नाहीत.